रागमाला दालन : पावसाळी कार्यक्रमांच्या नोंदी

3 जून 2025, मंगळवार

संग्रहालयाच्या कार्यकारिणीनं हो म्हटलं. जुलै-ऑगस्टमध्ये रागमाला दालनाला धरून तीन प्रकारचे कार्यक्रम करायचे: गाणं, चित्रपट आणि ध्यान. पैसे बेताचेच आहेत. मंडपवाला बोलावला तर त्यातच संपतील, म्हणून मंडपवाला बोलवायचा नाही.

पहिल्याच बैठकीत सूचना धो धो. कुणाला फ्यूजन बँड हवा, कुणाला अंगणात मोठा पडदा लावून गाजलेला मराठी सिनेमा, कुणाला 'सकाळी योगा आणि मग नाश्ता'. यात वाईट काहीच नाही. पण हे सगळं पुण्यात रोज कुठे ना कुठे चालूच असतं. संग्रहालयात करायचं तर आलेला माणूस शेवटी चित्रापुढे उभा राहिला पाहिजे. नाहीतर आपण फक्त हॉल दिला, आणि तोही फुकट.

सगळ्यांना एकदा माहीत असावं म्हणून दालनात काय आहे ते लिहून ठेवते. रागमाला म्हणजे राग-रागिण्यांना माणसांचं रूप देऊन रंगवलेली लघुचित्रं; तिची मोजकी पानं, म्हणजे सुटी चित्रं, लागली आहेत. बहुतेक राजस्थानी, एक उत्तर दख्खनचं म्हणून नोंदवलेलं. तोडी: वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्या भोवती जमलेली हरणं. आसावरी: मोरपिसांचं वस्त्र नेसलेली, चंदनाच्या झाडाखाली बसलेली, हातात आणि आजूबाजूला साप. ककुभ: दोन्ही हातांत हार, पायाशी मोर. मेघ: काळे ढग, विजेची सोनेरी रेघ, खाली नाचणारा निळा कृष्ण, साथीला मृदंग आणि झांजा घेतलेल्या स्त्रिया. रूढ मांडणीत सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या, म्हणजे 36 पानांचा संच. पहाडी परंपरेत रागपुत्र धरून तो 84 पर्यंत जातो. आपल्याकडे अखंड संच नाही. फारसा कुणाकडेच नसतो, पानं जगभर विखुरलेली आहेत.

फळ्यावर एक गोष्ट मुद्दाम लिहिली. गाणं, चित्र आणि ध्यान यांची सांगड आपण नव्यानं घालायची नाहीये, ती या पानांत आधीपासूनच आहे. रागाची मूर्ती मनात उभी राहावी म्हणून संगीतग्रंथांत श्लोक दिलेले असतात, ती रागध्यानं. सोमनाथाच्या 'रागविबोधा'त (1609) आहेत, दामोदराच्या 'संगीतदर्पणा'त आहेत. अशाच काव्याच्या आधारानं चित्रकारांनी पानं रंगवली, आणि कित्येक पानांच्या माथ्यावर ते काव्य लिहिलेलंही असतं. नवा पाहुणा फक्त चित्रपट.

6 जून, शुक्रवार

इतरांनी काय केलं ते वाचलं. न्यूयॉर्कचं रुबिन म्युझियम आपल्या सगळ्यात जवळचं. हिमालयीन कलेचं संग्रहालय, 2004 मध्ये चेल्सी भागात एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत सुरू झालं. शुक्रवारी रात्री चित्रपट, ध्वनिवर्धकाशिवाय गाण्याच्या मैफली, आणि आठवड्यातून एकदा ध्यान. या ध्यानाची रीत मला फार पटली. दर खेपेला संग्रहातली एक कलाकृती निवडायची, आधी तिच्याबद्दल थोडं बोलायचं, मग शिक्षकानं तोच धागा धरून सगळ्यांना बसवायचं. 6 ऑक्टोबर 2024 नंतर त्यांची इमारत बंद झाली. आता ते फिरती प्रदर्शनं करतात आणि वस्तू उसन्या देतात. कार्यक्रम गाजले म्हणजे इमारत टिकते असं नाही, हे कार्यकारिणीला सांगायचं की नाही ते ठरवलेलं नाही.

दुसरं उदाहरण लंडनच्या नॅशनल गॅलरीचं. महायुद्ध सुरू झालं तशी चित्रं हलवली, पुढे ती वेल्समधल्या एका खाणीत ठेवली. रिकाम्या गॅलरीत पियानोवादक मायरा हेस यांनी ऑक्टोबर 1939 पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. सोमवार ते शुक्रवार, तिकीट एक शिलिंग. 1946 पर्यंत जवळजवळ 1700 मैफली झाल्या. मात्र भिंती रिकाम्या होत्या, त्यामुळे पियानो कितीही दणकून वाजवला तरी चित्रांना धक्का नव्हता. आपल्याला ती चैन नाही. तिथलीच पुढची गोष्ट जास्त कामाची: 1942 पासून दर महिन्याला एकच चित्र खाणीतून आणून टांगू लागले, आणि लोक त्या एका चित्रासाठी यायचे.

एका वेळी एक चित्र. आपणही तसंच करायचं. कार्यक्रमाला कलाकाराचं नाही, पानाचं नाव.

11 जून, बुधवार

सकाळभर कॉन्झर्वेटर मॅडमबरोबर, चित्रांचं जतन त्यांच्याकडे आहे. त्या नाही म्हणायला बसल्या आहेत असा ऑफिसात समज आहे. तसं अजिबात नाही, पण त्यांच्या अटी ऐकल्यावर निम्मा कार्यक्रम आपोआप ठरला.

उजेड: कागदावरच्या जलरंगांना 50 लक्स (लक्स हे उजेडाचं माप), त्याच्या वर नाही. शिवाय उजेडाचं नुकसान उधारीसारखं साठत जातं. दालन आठ तास उघडं म्हणजे रोजचे 400 लक्स-तास. कार्यक्रमासाठी दोन तास जास्त उघडं ठेवलं की आणखी 100. ते कुठून तरी वळते करायचे, म्हणून कार्यक्रमाच्या आठवड्यात बुधवारी सकाळी दोन तास फ्रेमवर कापड राहणार. बुधवारी येणारे कुरकुरतील. दाराशी पाटी लावू.

दमटपणा: 50 ते 55 टक्के, आणि 60 च्या वर गेला की कार्यक्रम थांबवायचा. ही अट लेखी घेतली त्यांनी.

हादरे: तबला चालेल, पखवाज चालेल. सब-वूफर दालनातच काय, शेजारच्या खोलीतही नको. राजस्थानी पानांत दागिन्यांतले मोती दाखवायला सफेद्याचे जाडसर, उंचावलेले ठिपके दिलेले असतात. ते सगळ्यात आधी सुटतात. मॅडमनी आपल्या तोडीच्या गळ्यातला एक जागेवर नसलेला मोती भिंगातून दाखवला. जुनीच जखम आहे, पण ती बघितल्यावर फ्यूजन बँडचा विषय मी परत काढणार नाही.

याशिवाय उदबत्ती नाही, समई नाही, दालनात चहा नाही, फुलं नाहीत. कलाकाराचा सत्कार अंगणात. फुलांतून किडे येतात, आणि एकदा आत आले की पाहुण्यांसारखे जात नाहीत, हे मॅडमचं वाक्य.

17 जून, मंगळवार

गायिकाताईंकडे जाऊन आले. रविवारी संध्याकाळी सहाला तोडी, असा आमचा बेत होता. त्यांनी आधी चहा दिला आणि मग शांतपणे विचारलं, "संध्याकाळी तोडी कोण ऐकणार, आणि मी का गाऊ?" तोडी दिवसाच्या दुसऱ्या प्रहराची, म्हणजे नऊ ते बारा. चित्रातही दिवस आहे, हरणं कुरणात आहेत. ठरलं, रविवारी सकाळी साडेनऊ. संचालक सर म्हणाले होते, सकाळी कुणी येत नाही. बघू.

दुसरा प्रश्न अवघड निघाला. आज आपण तोडी म्हणतो ती मियाँ की तोडी: रिषभ, गंधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र. चित्र रंगवलं गेलं तेव्हा तोडी म्हणून हेच स्वर गायले जात असतील असं धरून चालता येत नाही. कर्नाटक संगीतातली तोडी घेतली तर तिचे स्वर आपल्या भैरवीचे: मध्यम शुद्ध, निषाद कोमल. नाव एक, बाई तीच, वीणा तीच, गाणं वेगळं. आमच्या माहितीपत्रकाच्या मसुद्यात 'चित्रातला राग प्रत्यक्ष ऐका' असं होतं. ते काढलं. ताई म्हणाल्या, "मी आधी दोन्ही गाऊन दाखवते, चार-चार ओळी. लोकांना कान असतात." मला तेव्हापासून वाटतंय की या सबंध उपक्रमातली सगळ्यात चांगली दहा मिनिटं तीच असतील.

माईक नाही, हे त्यांनीच सांगितलं. मी अटींची यादी खिशातून काढलीच नाही.

20 जून, शुक्रवार

पालख्या शहरात. रस्ते बंद, संग्रहालय बंद, मी चालत आले आणि चालत परत गेले. रिकाम्या दालनात बसून ऐकलं तर बंद खिडक्यांतूनही टाळ स्पष्ट येतात. खिडक्यांना जाड पडदे लागतील. शिंप्याला सांगितलं.

25 जून, बुधवार

आजची नोंद मोठी होणार.

ताई तानपुरा घेऊन आल्या, दालनात आवाज कसा लागतो ते बघायला. फरशी दगडी, छत उंच, चारी भिंतींवर काचा. टाळी वाजवली की ती दोन सेकंद तरी फिरत राहते. ताईंना ते चाललं, विलंबित लयीला थोडी घुमारी चांगलीच म्हणाल्या, फक्त तबलजींना हात आवरावा लागेल. भानगड पुढेच झाली. त्या तानपुरा लावायला बसल्या आणि तो लागेचना. खुंटी पिळतायत, मणी सरकवतायत, जवारीत परत दोरा बसवतायत, पुन्हा उतरवतायत. शेवटी हात खाली ठेवून म्हणाल्या, "तुमच्या खोलीचा सा वेगळाच आहे."

एसी होता तो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, आणि मोटरी-ट्रान्सफॉर्मरची गुणगुण बहुधा त्याच्या दुपटीत ऐकू येते, 100 हर्ट्झला. पेटीवर बघितलं तर ती खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या जराशी वर. ताईंचा सा पेटीवरच्या लगतच्या काळी चारचा. म्हणजे त्यांच्या खर्जाला लागून, पण अर्ध्या स्वराहूनही कमी अंतरानं खाली, एक स्वर सतत चालू. आपण रोज त्या दालनात उभे असतो आणि आपल्याला ते 'शांत दालन' वाटतं! इलेक्ट्रिशियन मामांनी रबरी पट्ट्या घालून बघितल्या. खडखड गेली, गुणगुण राहिली.

ताईंनी पांढरी पाचमध्ये गायचं? तरी ते तंतोतंत जुळत नाही, आणि एसीच्या पट्टीत गा असं कुठल्या तोंडानं सांगायचं. एसी बंद करायचा? तर दमटपणा. मॅडमनी कागद पुढे ओढला आणि तिथेच हिशेब मांडला. शांत बसलेला माणूससुद्धा श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. 40 माणसं पाऊण तास बसली की दीड लिटर. बाहेर पाऊस, लोकांच्या छत्र्या ओल्या, कपडे ओले, ते वेगळंच.

मग उलटा विचार केला. सकाळी सातपासून एसी चालवून दालन 50 टक्क्यांवर आणून ठेवायचं. लोक यायच्या पाच मिनिटं आधी बंद. छत्र्या आणि रेनकोट मुख्य दाराशीच काढून घ्यायचे. माणसं 40, त्याच्या वर एकही नाही, विश्वस्तांचे पाहुणे असले तरी नाही. गाणं 45 मिनिटं. लगेच एसी चालू आणि लोक अंगणात चहाला, मग दहा-दहाच्या गटानं परत आत, चित्र बघायला. दुपारी कर्मचाऱ्यांना बसवून एसी बंद ठेवून बघितला. दमटपणा नोंदवणाऱ्या लॉगरवरचा आकडा सावकाश चढतो, एकदम उडी मारत नाही. जमेल.

संख्या चाळीस ठेवली म्हणून संचालक सर नाराज आहेत. शंभर माणसं येऊ शकतात, म्हणाले. येऊ शकतात. पण वहीच्या पानाएवढं चित्र शंभर माणसांना कसं दाखवायचं, याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

2 जुलै, बुधवार

चित्रपट. दालनात प्रोजेक्टर नाही, हे ठरलेलंच होतं. मागच्या बैठकीच्या खोलीत दाखवू. तिथे काळे पडदे आहेत, एसी हवा तेवढा गुणगुणू दे, आणि एक दार थेट दालनात उघडतं. ते दार महत्त्वाचं.

निवडताना सगळ्यांनी संगीतकारांवरचे चित्रपट सुचवले. मला ते नको होते. पडद्यावर गवई आणि भिंतीवर रागिणी, म्हणजे एकाच गोष्टीचे दोन फोटो. त्यापेक्षा चित्रकारानं कॅमेरा हातात घेतला की काय होतं ते दाखवावं. पंढरपुरात जन्मलेले, मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवत मोठे झालेले एम. एफ. हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 1967 मध्ये 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' केला. पाव तासाच्या आसपासचा, संवाद नाहीत, राजस्थानात चित्रित केलेला. छत्री, कंदील असल्या वस्तू कुठेही उगवतात आणि कुणी त्यांचं कारण सांगत नाही. बर्लिनला त्याच वर्षी लघुपटाचं गोल्डन बेअर मिळालं. आपल्या दृष्टीनं खरी गंमत म्हणजे यातला काही भाग बुंदीचा आहे. बुंदी शैलीची सुरुवात ज्या संचाशी जोडतात तो रागमालेचाच संच: 1591 मध्ये बनारसजवळ चुनारला रंगवलेला. त्यानंतर पावणेचारशे वर्षांनी बुंदीत एक चित्रकार कॅमेरा घेऊन गेला.

दुसरा, फाळक्यांचा 'कालिया मर्दन', 1919. कृष्ण झालीय त्यांची लेक मंदाकिनी. सुरुवातीला ती कॅमेऱ्यासमोर फक्त चेहऱ्यावरचे भाव बदलून दाखवते, आणि त्यात सगळं आलं. मेघाच्या पानातला नाचणारा कृष्ण आणि नागाच्या फण्यावर नाचणारा हा कृष्ण एकाच दुपारी बघितले जावेत असं वाटतं. मूकपट आहे, तेव्हा पेटी आणि तबला समोर बसून.

परवानग्या: भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं टिकतो. फाळक्यांचा केव्हाच मोकळा झाला. हुसेन यांचा 2027 संपेपर्यंत नाही, त्यामुळे रीतसर पत्र आणि शुल्क. हक्क मोकळा असला तरी चांगली प्रत लागतेच, तिच्यासाठी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला वेगळं पत्र. ते इथेच आहे, पुण्यात, 1964 पासून. यूट्यूबवरून उतरवून दाखवू असं एकानं सुचवलं. तो आता पत्रं टाइप करतोय.

9 जुलै, बुधवार

ध्यान. इथे पाय जपून टाकायला हवा होता.

बैठकीत पहिलाच प्रश्न: "विपश्यनाच का? नामस्मरण का नाही?" दुसरा: "मग उद्या अमुक पंथाचे लोक येतील, त्यांना काय सांगणार?" बोलावलेल्या शिक्षकांनीच प्रश्न सोडवला. ते इगतपुरीला अनेक शिबिरं केलेले, पण स्पष्ट म्हणाले की समोर चित्र ठेवून बसण्याला विपश्यना म्हणू नका. गोएंका गुरुजींच्या पद्धतीत श्वास आणि शरीरावरची संवेदना, एवढंच आलंबन. मूर्ती नाही, मंत्र नाही, कल्पना करायची नाही. इथे तर सगळा खेळ मूर्तीचा आहे. तेव्हा जाहिरातीत कुठल्याच पद्धतीचं नाव नाही. 'एका चित्रासमोर वीस मिनिटं', एवढंच.

रीत अशी: रागाचा श्लोक एकदा म्हणायचा, अर्थ एकदा सांगायचा. मग दोन मिनिटं डोळे मिटून, बाकी वेळ डोळे उघडे. शिक्षकांचा आग्रह होता की मध्ये बोलायचं नाही, 'आता रंगांकडे बघा' वगैरे सूचना द्यायच्या नाहीत. मला आधी भीती वाटली, लोक कंटाळतील. ते म्हणाले, "कंटाळू द्या. कंटाळा आला की माणूस बघायला लागतो."

मग निघाल्या व्यावहारिक अडचणी. चित्रं उभ्या माणसाच्या नजरेच्या बेतानं टांगलेली, मध्य जमिनीपासून दीड मीटरवर. सतरंजीवर बसलं की मान वर करावी लागते आणि काचेत छताचा दिवा दिसतो, चित्र दिसतच नाही. पान खाली उतरवून घोडीवर ठेवावं म्हटलं तर मॅडमनी माझ्याकडे नुसतं बघितलं. सतरंज्याही त्यांनीच बाद केल्या. भांडारातल्या जुन्या सतरंज्यांत कसर असते, आणि कसरीला कागद आवडतो. शेवटी चित्रकला वर्गातले उंच स्टूल आणले. बसलेल्या माणसाची नजर बरोबर पानावर येते. अर्धवर्तुळात दोन ओळी, बारा माणसं. मांडी घालून बसणारे हिरमुसतील. गुडघे दुखणारे दुवा देतील, आणि सकाळी येणाऱ्यांत तेच जास्त असतात.

16 जुलै, बुधवार

नोंदणी चालू. तोडीचं भरलं, प्रतीक्षायादी झाली. एका प्रायोजकाला दालनात फलक हवा होता, चित्रांच्या मधल्या जागेत. अंगणात लावा म्हटलं. ते विचार करून कळवतो म्हणाले, कळवतील असं वाटत नाही. त्या पैशाशिवाय भागेल, फक्त चहाबरोबर बिस्किट येईल, वडा नाही.

20 जुलै, रविवार

तोडी झाली.

सव्वानऊला 51 टक्के. एसी बंद केला तेव्हा आपण इतकी वर्षं कशात उभे होतो ते कळलं. तानपुरा पाच मिनिटांत लागला. ताईंनी आधी ठरल्याप्रमाणे दोन्ही तोड्या ऐकवल्या. पहिल्या खेपेला शुद्ध मध्यमावर आल्या तशी पुढच्या ओळीतल्या आजोबांनी मान वर केली, 'ही तर भैरवी'. दुसऱ्या खेपेला तीव्र मध्यम लागला आणि सगळ्या खोलीला फरक कळला, ज्यांना स्वरांची नावं माहीत नाहीत त्यांनाही. "चित्रातली बाई यांतलं नेमकं काय वाजवतेय ते तिलाच विचारा," म्हणाल्या, आणि विलंबित सुरू केलं.

गाणं चांगलं झालं, पण इथे नोंद करायची ती त्यानंतरची. चहानंतर दहा-दहाचे गट परत आत आले. एरवी या पानापुढे माणूस लेबल वाचण्यापुरता थांबतो. आज लोक हलत नव्हते. एका मुलीनं विचारलं की हरणं बाईकडे बघतायत की वीणेकडे. त्यावर गटात वाद झाला. भिंगं कमी पडली, आणखी घ्यायची.

त्रुटी: तबलजींना घुमारीचा त्रास झालाच, मागे जाड पडदा धरायला हवा. एका पाहुण्यांना एसी बंद असल्याचा राग आला, उकडत होतं ते खरंच. अखेरीस 57 टक्के. मॅडम पूर्ण वेळ लॉगरपाशी उभ्या होत्या. त्यांनी गाणं ऐकलं की नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

2 ऑगस्ट, शनिवार

दोन्ही चित्रपट दाखवले. हुसेन यांच्या वेळी पहिली पाच मिनिटं खुर्च्या करकरत होत्या, लोक 'अर्थ' शोधत होते. मग सोडून दिलं आणि बघायला लागले. मुलांनी तर छत्री दिसली की मोजायला सुरुवात केली.

'कालिया मर्दन'ला पेटी-तबला उत्तम. वादकांनी आधी एकदा बघून घेतला होता, तरी नागाच्या मारामारीत त्यांनी जे काही केलं ते तिथल्या तिथे सुचलेलं. प्रेक्षकांत टाळ्या, एक शिट्टीसुद्धा. संग्रहालयातली बहुधा पहिली.

मधलं दार उघडं ठेवलं होतं. अंधारातून थेट 50 लक्समध्ये आल्यावर डोळ्यांना तो उजेड भरपूर वाटतो, ही अनपेक्षित कमाई. एरवी रोज तक्रार असते की दालनात अंधार आहे. यापुढे दालनात शिरायच्या आधी एक अंधारी जागा करता येईल का, याचा आराखडा मागवला. कार्यक्रमापेक्षा हे टिकाऊ काम आहे.

10 ऑगस्ट, रविवार

एका चित्रासमोर वीस मिनिटं. पान आसावरीचं. तीन गट झाले, प्रत्येकी बारा.

दोघं जण मध्येच उठून गेले, एकाला साप बघवत नव्हते. तेही बरोबरच आहे, पुढच्या वेळी नोंदणीतच कुठलं चित्र ते ठळक लिहू. बाकीचे बसले. शेवटी कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा म्हटलं, आणि लोक अनुभवाबद्दल न बोलता चित्राबद्दल बोलले. मला हेच हवं होतं. एकीला दिसलं की झाडावरचा साप आणि बाईची वेणी एकाच वळणाची आहेत. एक निवृत्त सर्व्हेअर म्हणाले, डोंगरावर ऊन एका बाजूनं नाहीच, सावलीच कुठे नाही. तिसऱ्यांना बाई दु:खी वाटली, चौथ्यांना वैतागलेली. शिक्षक गप्प बसून ऐकत होते. निघताना म्हणाले की शांततेच्या दृष्टीनं सकाळ मध्यम, बघण्याच्या दृष्टीनं छान.

एसी आज चालूच होता. तोडीच्या सकाळीनंतर मला तो सारखा ऐकू येतो. लोकांना काही जाणवलं नाही.

17 ऑगस्ट, रविवार

मेघ. काल दहीहंडी, शहर उशिरापर्यंत दणाणत होतं, आणि पहाटेपासून पाऊस थांबायचं नाव नाही. सकाळी सातला एसी लावूनही साडेनऊला 55 च्या खाली आलं नाही. मॅडम म्हणाल्या, सुरू करा, पण 60 म्हणजे 60.

मेघात गंधार नाही, धैवत नाही. सा रे म प आणि कोमल निषाद, एवढ्यावर सगळा पाऊस उभा करायचा. झपतालात विलंबित, आलाप खर्जात. बाहेर पन्हाळीचा आवाज येत होता आणि ताईंनी तो सोबतीला घेतला. सगळं जमत आलेलं असताना, पंचविसाव्या मिनिटाला मॅडमनी हात वर केला. साठ झालं होतं.

थांबलो. ताईंनी तिहाई घेऊन बंदिश मिटवली, जणू तिथेच संपवायची होती. लोकांना खरं कारण सांगितलं: ज्या पानात काळेकुट्ट ढग आणि धो धो पाऊस रंगवलाय, त्या पानाला आजची हवा सोसत नाही. दमट हवेत कागद फुगतो, रंगाचा थर त्याच्याबरोबर ताणत नाही, आणि बुरशी ही तर ऑगस्टची पाहुणी. लोकांनी समजून घेतलं. ताई व्हरांड्यात आल्या, सगळे पत्र्याखाली दाटीवाटीनं उभे, आणि द्रुत तिथे झाली. पावसात निम्मं ऐकू आलं नाही.

संचालक सर आज होते. म्हणाले, पुढच्या वर्षी मेघ व्हरांड्यातच ठेवा आणि चित्र आत बघू. ही सूचना माझ्या यादीत सगळ्यात वर आहे.

22 ऑगस्ट, शुक्रवार

27 तारखेला गणपती. तेव्हापासून अनंत चतुर्दशीपर्यंत दालनात कुठलाच कार्यक्रम नाही, ढोल-ताशा पथकांशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ही पानं उतरून भांडारात जातील, अंधारात. त्यांच्या जागी दुसरी लागतील, त्यांत हिंदोल आहे. हिंदोल वसंतातला, म्हणजे पुढचं गाणं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. तेव्हा पुण्याची हवा कोरडी असते, एसी बंद ठेवण्याची चिंता कमी, उलट तानपुऱ्याचा भोपळा तडकू नये ते बघावं लागेल.

हिशेब: जमा-खर्च जुळला. भिंगं आणि जाड पडदे हा खर्च कायमचा उपयोगी. वार्षिक अहवालात एकूण उपस्थितीचा आकडा लहान दिसेल. त्याच्या शेजारी 'चित्रापुढे थांबलेला वेळ' असा रकाना घालता येईल का, विचारलं आहे. सुरक्षारक्षकांकडून आठवडाभर मोजून घेऊ, मोजायची रीत सोपी असली पाहिजे. इलेक्ट्रिशियन मामांनी एसीचं बाहेरचं युनिट भिंतीपासून सोडवून वेगळ्या चौथऱ्यावर बसवण्याचं कोटेशन दिलंय. महाग आहे. मंगळवारच्या बैठकीत मांडते.